पालथा हात

पातेलं ओट्यावरच होतं. जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं, वर ताटली, ताटलीवर पळी आडवी.

आई आतल्या खोलीत होती. डॉक्टर येऊन गेले होते. "हृदयाचंच. अकरा ते दीडच्या मधे कधीतरी," ते म्हणाले होते. "नेमकं नाही सांगता यायचं." भाऊ कागदपत्रांसाठी त्यांच्याबरोबर गेला होता. दोन वाजता शेजारच्या काकू दाराची जादा किल्ली घेऊन आत आल्या, तेव्हा आई त्यांना खुर्चीत सापडली होती. त्या आता पलंगाशी बसून होत्या.

मुलगी दहा मिनिटं आईचा हात हातात घेऊन बसली, मग उठून स्वयंपाकघरात आली. कामाची बॅग अजून खांद्यालाच होती.

बॅगेत थर्मामीटर होता. लांब टोकाचा, अन्नात खुपसायचा. आई त्याला सळई म्हणायची आणि मुलीला साहेब. अन्न निरीक्षक झाल्यापासून मुलीने शहरातल्या निम्म्या हॉटेलांना धडकी भरवली होती. शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर राहिलं की ते कचऱ्यात. त्यात दयामाया नाही. आणि तिच्या स्वतःच्या आईच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि डोळ्यांचे थेंब. सकाळचं संध्याकाळपर्यंत ओट्यावर.

"दोन तासांत अन्न मरतं म्हणे," आई म्हणायची. "मग तू कशी जगलीस गं? ओट्यावरचंच खाऊन घोड्याएवढी झालीस." आणि हात पालथा करून पातेल्याच्या अंगाला लावायची. "हे बघ. कळलं मला. तुझ्या सळईला काय कळतंय?"

या घरात सळई बाहेर काढायची नाही, हा नियम होता.

आज अकरा वीसला आईचा फोन आला तेव्हा मुलगी एका हॉटेलच्या भटारखान्यात उभी होती. समोर भाताचे चार ट्रे. मॅनेजर म्हणत होता, "मॅडम, आत्ताच काढलाय हो." खिशात फोन थरथरला. तिने नाव बघितलं आणि कट केला. जेवायला येतेस का, एवढंच असणार. रोजचंच होतं ते. आईने पुन्हा केला नाही. ती एकदा फोन करून वाट बघणाऱ्यांतली.

रोजचंच असेल, तर ठीक. नसेल तर?

मुलीने टॉवेल सोडला, ताटली उचलली. बटाट्याचा रस्सा होता. वरून एकही पळी काढलेली नव्हती. एवढं पातेलं, एवढा रस्सा, टॉवेलात गुंडाळलेला. खोली एकोणतीस अंशांवर. हे गणित ती झोपेतही करू शकली असती. आता चार वाजले होते. आकडा चाळिशीच्या आसपास आला, तर गॅस अकराच्या आतच बंद झाला होता. म्हणजे आई रस्सा उतरवून बसली, आणि मग फोन केला, आणि तो कशासाठी केला ते कळायला मार्ग नव्हता. पन्नाशीच्या वर आला, तर फोननंतरही आई तासभर ओट्याशी उभी होती. ढवळत होती, चव बघत होती, टॉवेल शोधत होती. म्हणजे फोन जेवणाचाच.

तिने सळई पुसली आणि रस्स्यात सोडली.

तीस. अडतीस. चव्वेचाळीस. आकडा जरा रेंगाळला. एकोणपन्नास. त्रेपन्न. छप्पन्न.

छप्पन्नवर थांबला.

तिने ओट्याची कड धरली. साडेबारा तरी. पाऊण असेल. खांद्यावरून बॅग घसरली आणि जमिनीवर पडली, ती तिने पडू दिली.

आवाजाने काकू दारात आल्या. "काय गं, काय पडलं?" त्यांचं लक्ष पातेल्याकडे गेलं. "बरं केलंस. खा दोन घास. गरम आहे ना अजून? तुला फोन केला नि मी जरा गॅसवर ठेवलं होतं. तू तशीच उपाशी धावत येणार, माहीत होतं मला. मग परत गुंडाळून ठेवलं, तिच्यासारखं."

मुलगी पातेल्याकडून त्यांच्याकडे वळली.

"किती वेळ ठेवलंत?"

"कोण बघतंय घड्याळ अशा वेळी? पाच मिनिटं. दहा. नुसतं बसवेना गं मला तिथे."

"काकू, त्याच्या आधी कसं होतं?"

"कसं म्हणजे?"

"पातेलं. गॅसवर ठेवायच्या आधी. तुम्ही उचललंत ना? थंड होतं का गरम?"

काकूंनी आठवून बघितलं. मनापासून बघितलं. आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, जणू तिथे काही राहिलं असेल.

"गरमच लागलं मला," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली गेला. "पण बाळा, मी तुझ्या आईचा हात सोडून आले होते. त्या हातांना काहीही गरमच लागलं असतं."

आतल्या खोलीत पंखा फिरत होता. काकूंनी फळीवरून ताट काढलं, ओट्यावर ठेवलं, आणि आत गेल्या.

मुलीने सळई बाहेर काढली. धुतली, पुसली, बंद केली. बॅग उचलली आणि सळई आत तिच्या जागी ठेवली.

मग हात पालथा केला आणि पातेल्याच्या अंगाला लावला.

गरम लागलं.