तळघराची धून

“खांदे पाड जरा. परीक्षेला आल्यासारखा उभा राहू नकोस.”

“परीक्षाच आहे की,” नकल्या म्हणाला आणि त्याने कपाळावरचा घाम पुसला.

हॉस्पिटलच्या जिन्यात धाकटीने त्याची कॉलर सारखी केली. दोघं एकाच चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती डोळ्यांचे नंबर तपासायची. तो काचा घासायचा, आणि गिऱ्हाईक पाठमोरं झालं की त्याची हुबेहूब नक्कल करायचा. आज त्याला तिच्या दादाची नक्कल करायची होती, आणि दादाला तर त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

“आईला दिसत नाही, पण मामांना चांगलं दिसतं. लक्षात ठेव,” धाकटी म्हणाली.

वर आई पडून होती. डोळे साखरेने कधीच नेले होते, आता हृदयाची झडप निकामी झाली होती. उद्या ऑपरेशन झालं नाही तर आशा सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि आई हटून बसली होती. सोळाव्या वर्षी घर सोडून गेलेला मुलगा भेटल्याशिवाय ती ऑपरेशनला तयार होणार नव्हती. “मी टेबलावरच गेले आणि मग तो आला तर?” एवढंच तिचं पालुपद. धाकटी रडली, रागावली, पाया पडली. आई हलली नाही.

दादाला शोधायचं धाकटीने काही बाकी ठेवलं नव्हतं. त्याला ज्या व्हिडिओ गेमचं वेड होतं, त्याच्या जुन्या खेळाडूंचा एक ग्रुप तिला सापडला. गेममधल्या तळघरात वाजणारी धून तिला सुरुवातीपुरतीच आठवत होती. दादा गेला तेव्हा ती एवढीशी होती. तिने विचारल्यावर कुणीतरी अख्खी धून पाठवली, आणि मग लोक लिहीतच सुटले. एक ट्रकवाला म्हणाला, ही ऐकली की अजून तळहाताला घाम फुटतो. एका बाईने लिहिलं, वडील गेले त्या सुट्टीत मी दुसरं काही ऐकलंच नाही. कुठकुठले लोक बोलते झाले. दादा तेवढा बोलला नाही.

शेवटी तिने आईला थाप मारली, की धून ऐकून दादाचा निरोप आलाय. आणि दुकानामागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी, नकल्याकडून ती धून अथपासून इतिपर्यंत घोटून घेतली.

खोलीत मामा ठाण मांडून बसले होते. उभा जन्म कोर्टात कारकुनी केलेला माणूस. देव भेटला असता तरी आधी त्याची उलटतपासणी घेतली असती.

“आई,” नकल्या दारातूनच म्हणाला. त्याचा आवाज फुटला. एवढं काही धाकटीने शिकवलं नव्हतं.

आईचा हात हवेत चाचपडला. त्याने तो पुढे होऊन धरला.

“थांबा,” मामा म्हणाले. “काय रे, घर का सोडलंस?”

“बाबांनी गेमचा डबा गॅलरीतून खाली फेकला म्हणून.”

“हनुवटीवरचा वण कुठाय?”

“दाढीखाली. काढून येऊ का दाढी?”

“शाळेत तुझ्या शेजारी कोण बसायचं?”

हे तर धाकटीलाच माहीत नव्हतं.

नकल्याने एक उसासा सोडला. “मामा, तुम्हाला तरी माहीत आहे का?”

“प्रश्न मी विचारतोय!”

“पुरे रे,” आई म्हणाली. “पोराला श्वास तरी घेऊ दे. मला एकच हवंय. ते तुझं टुणटुण म्हण बाबा. तळघरातलं.”

धाकटीचा जीव भांड्यात पडला. तयारी होती ती एवढ्याचीच. आणि आईला गेममधलं काय कळणार? तिच्या लेखी ती भिंतीपलीकडची कटकट होती. ती स्वयंपाकघरातून ओरडायची आणि दादा हरला की चिडून डब्यावर चापट मारायचा, एवढं धाकटीलाही आठवत होतं.

नकल्याने डोळे मिटले. आधी खालचे जड ठोके, मग हळूहळू वर चढणारे सूर, कुणीतरी पाठीमागून जवळ येत असल्यासारखे. मामांचा हलता पायही थांबला.

धून ऐन रंगात आली तेव्हा आईचा मोकळा हात गादीवरून एकदम वर उचलला गेला आणि तसाच राहिला. धाकटीला वाटलं, छातीत कळ आली. ती धावली. नकल्या मात्र थांबला नाही. धून वळणं घेत घेत शेवटाला पोचली, तेव्हा कुठे आईचा हात खाली आला.

धाकटी खाटेच्या पायथ्याशी थबकली.

“धाकटे, इकडे ये,” आई म्हणाली. तिने धाकटीचा हात चाचपून हातात घेतला. “केवढा गार पडलाय गं हात तुझा.”

मग ती डॉक्टरांना बोलवायला सांगत म्हणाली, “अंगठा कुठे उठवायचा ते दाखवा.”

मामांनी जोरात नाक शिंकरलं आणि नकल्याला पोटाशी धरलं.

सकाळी स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीकडे निघालं. धाकटी बरोबर चालत होती. आईशी खोटं बोलल्याची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त आनंद होत होता. दाराशी आईने तिला खाली वाकायला लावलं.

“त्या मुलाला पोटभर जेवू घाल. गोड गळा आहे. कुणाचा गं तो?”

धाकटी तशीच वाकून राहिली.

“आपली गेमची कॅसेट त्या धुनीच्या मध्येच अडकायची. दादा चापट मारायचा की पुन्हा पहिल्यापासून,” आई तिचा गाल कुरवाळत म्हणाली. “तिथून पुढचं मी काल पहिल्यांदाच ऐकलं.”