मनोहररावांच्या तक्रारी

रेग्युलेटरच्या खाली साबणाचा फेस फुगला, तसं देवरावच्या लक्षात आलं की वॉशर पुन्हा कापला गेलाय.

"सापडला का दोष?" मागून मनोहररावांचा आवाज आला. "का आमच्याच नाकात खोट हाय?"

"वॉशर गेला, बाबूजी."

"मागच्या महिन्यात नवा टाकला नं गा तू? तुमची एजन्सी वॉशर इकते का खोडरबर?"

फेस पाहण्यापुरता उघडलेला सिलिंडर बंद करून देवरावनं पान्हा काढला. इतवारीतल्या गॅस एजन्सीत तो मेकॅनिक होता. नागपुरात गॅस नवाच होता, लोक सिलिंडरला वचकून असायचे आणि रेग्युलेटर बसवणाऱ्याला मान द्यायचे. महाल भागातलं हे एक घर तेवढं अपवाद. इथं चहा मिळायचा, पण आधी बोलणी खावी लागायची.

मनोहरराव रेल्वेतून रिटायर झालेले, जातीनं कुणबी, बायको मागंच वारलेली. घरात ते आणि शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी वच्छला, दोघंच. तक्रार यायची ती नेमकी वच्छलाची शाळा सुटण्याच्या वेळेला. देवराव आला की म्हातारा आधी उलटतपासणी घ्यायचा. कुठचा गा तू? इंदोऱ्याचा. घरी कोन? माय. छप्पनची दीक्षा घेतली का? हो जी, बापाचं बोट धरून गेलो होतो. दारू? नाही जी. मग "हूं" म्हणून मनोहरराव पायात चपला सरकवायचे आणि बाहेर निघून जायचे.

देवरावला ते लागायचं. आपल्यासोबत एका खोलीत बसणंही म्हाताऱ्याला नको असतं, असं त्याला वाटे.

आजही मनोहरराव गेले. देवरावनं वॉशर बोटावर घेतला. रबर जुनं झालं की त्याला भेगा पडतात, उंदरानं कुरतडलं तर दातांच्या खुणा दिसतात. हा काप सरळ होता, ब्लेडचा. शिवाय दरवेळी तो यायच्या आधी सिलिंडर बंद असायचा, खिडक्या सताड उघड्या आणि माचिस बाहेरच्या ओट्यावर. इतकी काळजी घेऊन वॉशर कापणारं माणूस या घरात एकच असू शकत होतं. ते आत्ता शाळेतून येऊन, हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दारात उभं होतं.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं त्या दिवशी देवराव महालापासून इंदोऱ्यापर्यंत सायकल हातात धरून चालत गेला होता. आनंदाच्या भरात वर बसायचं सुचलंच नव्हतं.

मग घोडं पेंड कुठं खात होतं? म्हाताऱ्यापाशी. बौद्धानं कुणब्याच्या शिकलेल्या मुलीला मागणी घालायची आणि तीही अशा जमदग्नीसमोर! भरलेला सिलिंडर एका खांद्यावर घेऊन जिना चढणारा हा गडी, पण एवढं एक वाक्य त्याला काही उचलेना.

नवा वॉशर बसला. फेस फुगला नाही. देवरावनं शेगडी पेटवून दाखवली आणि निळ्या ज्योतीवर वच्छलानं चहा टाकला.

"रविवारी भिवापूरचे पाहुने येऊन राहिले," कप पुढं करत ती म्हणाली. "मिरचीचे व्यापारी हायेत."

"चांगलं हाय."

"चांगलं हाय म्हनता?"

"बाबूजींनी पाह्यलं असन तं चांगलंच असन."

"बाबा म्हनते, घाई नाही. तुले वाटते तसं कर."

"मंग?"

"माह्या एकटीच्या वाटन्यानं काय होते?"

देवरावनं चहाचा घोट घेतला. वाक्य ओठापर्यंत आलं होतं. तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं, मनोहररावांचा खोकला ऐकू आला आणि देवरावनं पिशवी आवरायला घेतली.

"यावेळी जाड वॉशर टाकला हाय," तो म्हणाला. "आता तक्रार येनार नाही."

"नाही येनार?"

"नाही."

वच्छलानं त्याचा अर्धा भरलेला कप उचलला आणि ती आत गेली.

लग्न उन्हाळ्यात झालं. वरात निघाली त्या संध्याकाळी देवराव एजन्सीच्या गोदामात जुने रेग्युलेटर खोलत बसला होता. स्वतःचा त्याला मनापासून राग आला. त्या पोरीनं आपल्याला इतक्या वेळा बोलावून घेतलं, बाईमाणसाला याहून जास्त काय करता आलं असतं? आणि आपण मूग गिळून बसलो. भीती कशाची, तर एका म्हाताऱ्याच्या आवाजाची. हा पस्तावा आता जन्माचा झाला होता आणि तो कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

पोळा झाला, गणपती गेले आणि एजन्सीत तक्रार आली. मनोहरराव, महाल. गॅसचा वास.

वच्छला माहेरी आली असेल का? देवरावनं सायकल जोरात मारली.

घर उघडंच होतं. खिडक्या सताड उघड्या, माचिस ओट्यावर. मनोहरराव वाळलेले दिसत होते.

"वच्छलाबाई आल्या काय जी?"

"नाही. दिवाळीले येईन."

"घरात दुसरं कोनी?"

"कोन राहीन? मीच हाव."

देवराव खाली बसला. त्यानं रेग्युलेटर काढला आणि वॉशर बोटावर घेतला. सरळ काप होता, ब्लेडचा.

त्यानं मान वर केली. मनोहरराव आज बाहेर गेले नव्हते. खुर्ची ओढून ते त्याच्यासमोर बसले होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पोरीच्या बापानं अखीन किती येळा बलवाचं होतं गा तुले?"