चार वाघ, वीस बकऱ्या

चौथ्या वाघाचा डावा डोळा नाकाकडे घसरला होता. कावेरीनं ती सोंगटी पडवीतून उचलली आणि आत कानोसा घेतला. सासरे, अप्पा, दुपारचे झोपले होते. तिनं खारीच्या केसांची कुंचली घेतली, वाघाचा डोळा पुसला आणि श्वास रोखून नवा रेखला.

मालवणात अप्पा चिताऱ्यांचा वाघ-बकरीचा खेळ ठाऊक नसलेलं कुणी नव्हतं. चार वाघ, वीस बकऱ्या. पांगाऱ्याच्या लाकडाच्या, बोटाच्या पेराएवढ्या सोंगट्या. पण बकरी अशी की आत्ता ओरडेल, आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नाहीत. बेळगावचा व्यापारी गुरुदास वर्षाला तीस खेळ न्यायचा.

अप्पांचा एकुलता एक मुलगा, कावेरीचा नवरा रविकांत, त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात काविळीनं गेला. कावेरीला मूलबाळ नव्हतं. भाऊ दोनदा न्यायला आला, पण अप्पांना एकटं टाकून ती गेली नाही. मात्र चुलीपाशी बसली की तासन्‌तास उठायची नाही. पुढ्यातली पेज निवून जायची. अप्पांनी रंग कालवायला हाक मारली तरी "माका जमाचा नाय" एवढंच म्हणायची.

पुढच्या वर्षी अप्पांची नजर अधू होतेय असं कावेरीला वाटू लागलं. आधी बकऱ्यांचे खूर चुकले. कावेरीला बघवेना, तिनं ते गुपचूप नीट केले. मग बकऱ्यांचे कान बिघडू लागले, मग वाघांचे पट्टे. एका दुरुस्तीवर तिचा हात बसतो न बसतो तोच म्हाताऱ्याची नवी चूक पुढे यायची; चुलीपाशी बसून राहायला सवडच उरली नाही.

गुरुदासला कळलं तर काम सुटेल, ही एक भीती. त्याहून मोठी, अप्पांना स्वतःला कळलं तर ते खचतील. शेजारच्या तुळसानं विचारलं, हल्ली दुपारचं दार लावून काय करतेस? कावेरीनं हसून विषय बदलला.

त्या दिवशी संध्याकाळी अप्पांनी चौथा वाघ उजेडात धरला, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"वाघ बरो झालो," ते म्हणाले.

कावेरीच्या मनात आलं: या माणसाला आपण रोज फसवतोय.

शिमग्यानंतर शाळेत डोळे तपासणीचं शिबिर आलं. अप्पा तयार होईनात. या वयात डोळे घेऊन काय करायचं, म्हणाले.

"माझ्यासाठी चला," कावेरी म्हणाली.

या घरात आल्यापासून तिनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. अप्पांनी मुकाट्यानं चपला घातल्या.

तपासणी बराच वेळ चालली. मग डॉक्टरीणबाईंनी अप्पांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि तिला आत बोलावलं. त्यांनी तोंड उघडायच्या आतच कावेरीनं सगळं सांगून टाकलं: वर्षभर चुका झाकल्या त्या, आता वाघांचे डोळेही रेखते ते, सगळं. नजर जाणारच असेल तर मला सांगा, म्हणाली, त्यांना एवढ्यात नको.



"मी दोनदा पाहिलं," बाई म्हणाल्या. "डोळ्यांत काही दोष नाही. तक्त्यावरचं एकही अक्षर दिसत नाही म्हणाले. आणि जाताना दारातून मलाच सांगून गेले, 'बाई, तुमच्या हातार मुंगी आसा.'"