लिहा, हवालदारजी

मिल बंद पडल्यापासून ज्ञानदीप रोज पिऊन घरी यायचा आणि बायकोला, संबोधीला, मारायचा. त्या दिवशी तिचा ओठ फाटला, तेव्हा प्रभावतीबाई तिचा हात धरून तिला थेट ठाण्यात घेऊन आल्या.

हवालदारानं पेनसुद्धा उघडलं नाही. "बाई, हा घरचा मामला आहे. आदमीची नोकरी गेली, परेशान आहे बिचारा. पोरीला जरा समजवा."

"नोकरी तर माझीपण त्याच मिलमधून गेली," प्रभावतीबाई म्हणाल्या. "मी कुणावर हात उचलला का?"

ठाण्यातले सगळे वळून बघायला लागले. हवालदारानं पेन उघडलं, पण आवाज नरम करून म्हणाला, "एकदा सोचून घ्या. रपट लिहिली तर जीप जाईल, त्याला उचलून आणेल. मग त्याची आई इथे येऊन छाती बडवेल, तमाशा करेल. तिला कोण सांभाळणार?"

प्रभावतीबाईंनी खुर्ची ओढली आणि आधी संबोधीला बसवलं.



"ती नाही रडणार. लिहा तुम्ही. त्याची आई मीच आहे."