पंख्याच्या डावीकडचा ढग

दुनियेच्या भिंती रंगवणाऱ्या रंगाऱ्याच्या खोलीचं छत पांढरंच होतं. आधी भिंतींवर त्याने आभाळ काढलं, पण छतासाठी शिडीवर चढला आणि वजनाने पायरीच मोडली. उरलेलं आभाळ वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर, असं ठरलं. तोवर निळ्या ऑइलपेंटवर साय धरू नये म्हणून तो डब्यात वरून पाणी ठेवी, आटलं की पुन्हा ओती. आज दवाखान्यातून फोन आला. तारीख पुन्हा पुढे गेली. "देऊन टाक तो डबा कुणाला तरी," म्हणत तो फरशीवर आडवा झाला. बायकोही शेजारी उशी टाकून लवंडली, छताकडे बघत राहिली. "मोठा ढग कुठे म्हणालात?" "पंख्याच्या डावीकडे." "जरा खिडकीकडे सरकवा ना. माझ्या तोंडावर सावली पडतेय." त्याने हात उचलून ढग हलकेच सरकवला. मग उठून डब्यात डोकावून म्हणाला, "अगं, तांब्याभर पाणी दे."