सवारीचा ठराव

सभा भरली होती मुसलमान समजून घ्यायला. गावात मुसलमानाचं घर एकच. त्या घराला आवतण नव्हतं.

त्या घरात खातूनबी एकटी राहायची. म्हातारी, डोळ्यांनी अधू. मोहरमची सवारी, म्हणजे मिरवायचा चांदीचा पंजा, तिच्या घरची; पण तो उचलायचा मान सोमाजीच्या घराचा. सोमाजी हिंदू, धान पिकवणारा. त्याचा बाप सवारीच्या नवसानं झाला, म्हणून बापाचं नावच फकिरा. पोराला गोवर आला, बैलाला खुरकत झाली, की सारं गाव सवारीपुढं लोबान जाळायचं. त्यानं कोणाचा धर्म बुडाला नव्हता.

यंदा सरपंच वामनरावानं ठरवलं, सवारी निघायची नाही. पेपरात रोज परदेशातल्या बाँबच्या बातम्या. "त्यायचे लाड पुरे झाले," म्हणाला. लाड म्हणे! एका अधू म्हातारीचे! ठरावाला वजन यावं म्हणून त्यानं आरमोरीला जावयाकडे आलेल्या वझलवार साहेबांना गाठलं. साहेब अरबांच्या मुलखात भारताचे राजदूत होते. विषय, इस्लामी कट्टरता. भाषणानंतर ठराव, ठरावानंतर चहा.

मोहरमचा चांद दिसला होता. सोमाजी शाळेच्या पडवीत सगळ्यात मागं बसला. सकाळीच खातूनबी काठी टेकत त्याच्या दारात आली होती. "तू नाई उचलला तं पंजाची पेटी कोनासाठी उघडू, बाबू?"

साहेब पुस्तकी बोलले. तेल, राजे, तुरुंग, बेकार पोरं. अर्धी सभा पेंगली. मग ते म्हणाले, "हे कट्टर लोक सगळ्या मुसलमानांच्या नावानं बोलतात. ही त्यांची सर्वांत मोठी थाप. त्यांचा पहिला घाव पडतो तो त्यांच्याच माणसांवर. मी होतो त्या शहरात त्यांनी आधी पिराची जत्रा मोडली. नवस बंद. ढोल बंद. जत्रेला येणारे परधर्माचे लोक हाकलले. म्हणाले, धर्म शुद्ध करायचा आहे."

सोमाजी उभा राहिला. सभेत तो जन्मात बोलला नव्हता.

"साहेब, त्यायनं आमची सवारी पाह्यली, तं काय करतीन?"

"बंद पाडतील."

"मी हिंदू आहो. सवारी मीच उचलतो. मंग मले?"

"तुम्हाला तर आधी बाजूला काढतील."

सोमाजी सरपंचाकडे वळला. "मंग वामनभाऊ, त्यायले इतक्या दुरून यायची काय गरज? त्यायचं काम तं आपुनच करून राह्यलो!"

"आन् चहाही आपलाच!" बायांमधून रुखमाबाई ओरडली.

पेंगणारे जागे झाले. अख्खी पडवी हसली. साहेबही हसले. वामनरावाचं तोंड लालबुंद झालं.

ठरावाची वेळ झाली. तो उठला. हसू थांबलं. त्यानं घसा खाकरला, खाली पाहिलं, मग थेट मागच्या रांगेकडे.

"सोम्या," तो म्हणाला, "यंदा लोबान माह्या घरून नेजो."