मागचा डावा कोपरा

लाँचवाल्याने सीट खोळीसकट उचलून टेलर मास्तरांच्या टेबलावर ठेवली, पेलाभर पाणी घेतलं आणि न विचारता तिच्यावर ओतलं. पाणी घरंगळत खाली गेलं. फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यात थोडं साचून राहिलं.

"बघा मास्तर," तो म्हणाला. "तीन कोपरे कोरडे आणि इथे तळं. सकाळी चिमण्या आंघोळीला येतात. सहा सीटा आहेत माझ्या लाँचवर. सहाही अशाच."

दुसऱ्याने बिघडवलेलं काम दुरुस्त करायला मास्तरांना मनापासून आवडायचं. नावं ठेवायची हौस फुकटात भागायची. त्यांनी चष्मा पुसला, खोळ उलटसुलट करून पाहिली. पाणी न शिरणारं जाड कापड. दुहेरी शिवण. टाके मोजून घ्यावेत इतके सारखे. खालची नाडीसुद्धा सीटच्या बुडाशी घट्ट बसलेली. नावं ठेवायला काही सापडेना, तेव्हा त्यांनी तो कोपरा चिमटीत धरला.

कापड बोटभर जास्त होतं. कमी नाही, जास्त नाही, बोटभर.

तिथे बोटभर वाढवून कापायची गरज साऱ्या जगात एकाच मशीनला होती आणि ते मशीन मास्तरांच्या पाठीमागे खिडकीशी उभं होतं. जुनं, काळं, दणकट. पण जाड कापड घातलं की डावीकडचं खात जायचं. खोळ मागच्या डाव्या कोपऱ्यात तोकडी पडायची. म्हणून मास्तर कापतानाच तिथे बोटभर वाढवायचे. मशीन तेवढं खाऊन टाकायचं आणि खोळ सीटवर चापूनचोपून बसायची. ही युक्ती त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती. स्वतःच्या लेकीला.

सात वर्षांपूर्वी तीच म्हणाली होती, "बाबा, रोज कापड वाया घालवण्यापेक्षा मशीन सरळ करून घ्या ना." बोलणं साधं होतं. पण मास्तर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. "नाचता येईना, अंगण वाकडं," ते म्हणाले. शब्दाने शब्द वाढला. त्यातच, तिला खाडीपलीकडच्या कारखान्यात काम मिळालंय, हेही बाहेर आलं. मग काय, आगीत तेल.

"जातेस तर जा," मास्तर म्हणाले. "पण या मशीनवर परत बसायचं नाही."

"नाही बसणार," लेक म्हणाली. खाण तशी माती.

खाडी ओलांडायला अर्धा तास लागतो. बापाला सात वर्षांत तो अर्धा तास मिळाला नाही. मात्र पलीकडची लाँच धक्क्याला लागली की त्यांचं मशीन थांबायचं. उतरणारं शेवटचं माणूस खिडकीसमोरून जाईपर्यंत थांबून राहायचं. शेजारचा सुतार म्हणायचा, "मास्तर, कोण पाहुणे यायचेत?" मास्तर म्हणायचे, "दोरा तुटला." दिवसातून चार वेळा दोरा तुटायचा.

गेल्या वर्षी मेकॅनिक आला, तो म्हणाला, एकच स्क्रू ढिला आहे, दहा मिनिटांत मशीन सरळ करून देतो. म्हणजे पोरगी खरं बोलत होती. मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "राहू दे," म्हणाले. "सवय झालीय हाताला." कोणाच्या हाताला, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

"कोणी शिवल्यात?" मास्तरांनी विचारलं. आवाज जमेल तेवढा कोरडा ठेवला.

"पलीकडे एक बाई आहे. स्वतःचं दुकान आहे. हातात जादू आहे हो, पण ही एक खोड."

"मशीन जुनं असेल तिचं."

"छे. नवं कोरं. सुतासारखं सरळ चालतं."

मास्तरांनी कात्री उचलली. कोपरा उसवायचा, बोटभर कापायचं, परत शिवायचं. अर्ध्या तासाचं काम. कात्रीचं टोक पहिल्या टाक्यापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"मग तिला सांगितलं नाहीत?"

"तीनदा सांगितलं. दर वेळी हसते, कोपरा उसवून फुकट नीट करून देते. आणि नवी खोळ घेतली की पुन्हा तसाच कापते. म्हणून म्हटलं, आता सगळं काम तुम्हालाच द्यावं." लाँचवाल्याने रुमालाने कोपऱ्यातलं पाणी टिपलं. "एकदा विचारलंच मी. बाई, मशीन सरळ आहे, मग हात का असा वाकडा? तर म्हणाली, घरचं मशीन डावीकडचं खातं. परत त्यावर बसायची वेळ आली, तर हात चुकायला नको."

मास्तर बराच वेळ त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग कात्री खणात टाकली, खण लावला आणि खुंटीवरचा सदरा काढला.

"कोपरा बरोबर आहे," ते म्हणाले. "परत जाताना ही सीट रिकामीच असेल ना?"